जुना डॉस प्रोग्राम नव्या विंडोजवर चालवताय? या चुका टाळा

डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवर चालणाऱ्या फॉक्सप्रो किंवा क्लिपर या भाषांत कुणीतरी कधीकाळी लिहून दिलेला हिशोबाचा प्रोग्राम आजही कितीतरी दुकानांत आणि पतसंस्थांत रोज उघडला जातो. कॉम्प्युटर बदलला की तो अडतो. मग घाईत जे उपाय होतात, त्यांत प्रोग्राम राहतो बाजूला आणि डेटा हातचा जातो.

पहिली चूक म्हणजे प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी टॅबशी झटापट. तिथे ‘विंडोज ९५’ निवडा नाहीतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, ६४ बिट विंडोजवर डॉसचा १६ बिट प्रोग्राम सुरू होणारच नाही. डॉस प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग फक्त ३२ बिट विंडोजमध्ये होता. त्याला लागणारा प्रोसेसरचा व्हर्च्युअल ८०८६ मोड, म्हणजे जुन्या प्रोसेसरसारखं वागण्याची सोय, ६४ बिटमध्ये मिळत नाही. विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालंच नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे इम्युलेटर, म्हणजे विंडोजच्या आत जुन्या डॉस कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम, घ्या.

पण कुठलाही नको. साधा डॉसबॉक्स हा इम्युलेटर मुळात गेमसाठी बनलाय. दोन कॉम्प्युटरवरून एकच फाइल उघडायची असेल तर रेकॉर्ड लॉकिंग, म्हणजे एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्याला ती अडवणं, लागतं आणि ते त्याच्या भरवशावर सोडू नये. हिशोबाच्या कामाला व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स बरे.

सगळ्यात महागात पडते ती चूक अगदी साधी दिसते: काम झालं की खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक. असे प्रोग्राम नोंदी ज्यात ठेवतात त्या डीबीएफ फाइलच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, एकूण रेकॉर्ड किती हा आकडा असतो. फाइल नीट बंद होताना तो ताजा होतो. फुली मारली की इम्युलेटर प्रोग्रामसकट जागीच बंद पडतो. मग रेकॉर्ड फाइलमध्ये असूनही आकडा जुनाच राहतो आणि आजच्या पावत्या यादीत दिसत नाहीत, किंवा ‘नॉट अ डेटाबेस फाइल’ असा निरोप येतो. इंडेक्स, म्हणजे नोंदी क्रमाने शोधायची सूची, बिघडतो तो वेगळाच. तेव्हा आधी प्रोग्रामच्या मेनूतून बाहेर पडा, मग इम्युलेटरमध्ये ‘एक्झिट’ (exit) टाइप करा. नव्या माणसाला कामावर बसवताना हे आधी शिकवा. इंडेक्स बिघडलाच तर तो पुन्हा बनवता येतो, पण त्याआधी अख्ख्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा.

फोल्डरची जागाही नीट निवडा. प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलं तर लिहायची परवानगी आडवी येते. वनड्राइव्हमध्ये ठेवलं तर फाइल उघडी असतानाच तिचं सिंक सुरू होतं. डी ड्राइव्हवर छोट्या नावाचं वेगळं फोल्डर करा आणि डॉसबॉक्समधल्या माउंट कमांडने तेवढंच जोडा, अख्खा सी ड्राइव्ह नको. आतल्या फाइलींची नावं आठ अधिक तीन अक्षरांतच हवीत, म्हणजे नाव आठपर्यंत आणि टिंबानंतरचं तीनपर्यंत.

टर्बो पास्कल या जुन्या भाषेतला प्रोग्राम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देत असेल तर फाइल खराब नाही, मशीन फार वेगवान आहे. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबून सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी करा, मग प्रोग्राम पुन्हा सुरू करा.

प्रिंटिंगला मात्र वेळ द्यावा लागतो. प्रोग्राम एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टवर नुसता मजकूर पाठवतो. डॉट मॅट्रिक्सला तो कळतो, स्वस्तातल्या बऱ्याच लेझर प्रिंटरना कळत नाही, आणि दुकानदार केबल बदलत बसतो. व्हीडॉस हा मजकूर पकडून विंडोजच्या प्रिंटरकडे देऊ शकतो. लेझरवर अर्धं पान अडकून राहिलं तर बिलाच्या शेवटी फॉर्म फीड, म्हणजे पान बाहेर काढायचा कोड, जातोय का ते बघा.

आणि जिस्ट कार्डावर (डॉसमध्ये भारतीय लिप्या दाखवणारं जुनं कार्ड) टाइप केलेली मराठी नावं पडद्यावर रेघा नि ग्रीक अक्षरं होऊन दिसली तर घाबरून ती नोटपॅडमध्ये ‘दुरुस्त’ करू नका. ती इस्की (ISCII) या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये आहेत, तो कोड दाखवणारं कार्ड तेवढं इथे नाही. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि कॉपीवर इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.