निपल शील्ड सोडवताना या चुका टाळा

निपल शील्ड सोडवण्याचे प्रयत्न फसतात, ते बहुतेक वेळा बाळाच्या हट्टामुळे नव्हे, तर चुकीची वेळ आणि घाई यांमुळे. दूध पाजताना स्तनाग्रावर बसवायचे सिलिकॉनचे हे पातळ आवरण ज्या अडचणीसाठी लावावे लागले, ती अडचण दूर झाली आहे की नाही, हे न पाहताच ते काढायला घेणे ही पहिली चूक. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, तर मूळ प्रसूतीच्या तारखेच्या आसपास पोहोचेपर्यंत त्याला नीट चोखण्याची ताकद आलेली नसते आणि तोवर वाट पाहण्यात काहीही बिघडत नाही. पाजताना होणाऱ्या वेदनांमुळे शील्ड आले असेल आणि त्यामागे बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड असण्याचे कारण असेल, तर शील्ड काढताच दुखणे परत येते. तेव्हा आधी स्तनपान सल्लागाराकडून बाळाची पकड तपासून घ्यावी.

सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे बाळ भुकेने रडू लागल्यावर त्याला थेट अंगावर घेणे. रडणाऱ्या बाळाची जीभ वर उचललेली असते आणि नवे काही शिकण्याइतका धीर त्याच्यापाशी नसतो. त्यापेक्षा ते झोपेतून नुकते जागे होत असताना, किंवा रात्री अर्धवट झोपेत असताना, उघड्या छातीशी घेऊन प्रयत्न करावा. दुसरी चांगली संधी दूध पाजता पाजताच मिळते. बाळ शील्डवर लागले, पान्हा फुटला, गिळण्याचा आवाज येऊ लागला आणि सुरुवातीची भूक भागली, की ओठांच्या कोपऱ्यातून बोट सारून पकड सोडवावी, शील्ड बाजूला करावे आणि लगेच बाळाला परत लावावे. शील्डमधल्या खेचामुळे त्या वेळी स्तनाग्र बाहेर आलेले आणि दुधाने ओले असते. ते बाळाच्या नाकासमोर धरले, की बाळ मान किंचित मागे टाकून तोंड मोठे उघडते. त्याच क्षणी हनुवटी आधी टेकेल अशा बेताने त्याला जवळ ओढावे.

इथे हात आपोआप बाळाच्या डोक्यामागे जातो आणि तिथेच काम बिघडते. डोके स्तनावर दाबले, तर बाळ अंग ताठ करून मागे रेलते आणि हे वारंवार घडल्यास स्तन दिसताच रडू लागते. आधार खांदे आणि मानेच्या तळाला द्यावा. चार-पाच मिनिटांत जमले नाही किंवा रडे वाढले, तर निमूटपणे शील्ड लावून पोटभर पाजावे. त्या वेळचा प्रयत्न सोडून देणे म्हणजे हार नव्हे, हे घरातील मदतनिसांनाही समजावून सांगावे लागते.

शील्डचे टोक दररोज थोडे थोडे कापत जाण्याचा सल्ला अजूनही कानावर येतो. तो जुन्या रबरी शील्डच्या काळातला आहे. सिलिकॉन कापले की कडा धारदार होते आणि तिने बाळाच्या तोंडाला इजा होऊ शकते.

स्तन दुधाने गच्च भरलेले असताना स्तनाग्र सपाट होते आणि बाळाला धरायला काही उरत नाही, म्हणून आधी थोडे दूध हाताने काढून स्तनाग्राभोवतीचा भाग मऊ करून घ्यावा.

काही बाळे एका दिवसात शील्ड विसरतात, काहींना कित्येक आठवडे लागतात. दिवसा शील्डशिवाय पिणारे बाळ रात्री ते मागू शकते, याला माघार समजू नये. मात्र शील्ड सुटले म्हणजे दूध पुरेसे जात आहे, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. बाळ पाच-सहा दिवसांपेक्षा मोठे असेल, तर 24 तासांत किमान 6 लंगोट चांगले ओले व्हायला हवेत, आणि शील्ड सुटल्यानंतरचे एक-दोन आठवडे वजनावर नियमित लक्ष ठेवायला हवे. वजन वाढत नसेल, लघवी कमी किंवा गडद पिवळी होत असेल, बाळ मलूल दिसत असेल किंवा पिण्यासाठी उठतच नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.