झोपेसाठी क्वार्टर घेणाऱ्या पोट्ट्यांसाठी

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांच्या होस्टेलचा रेक्टर आहे. जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरी ती कुठून येते हे पोट्ट्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, ते सोडा. मला बोलायचंय ते "सर, घेतली की झोप लागते" यावर.

लागते, खोटं नाही. पण टिकत नाही. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल असतं आणि लिव्हर तासाला ७ ते १० ग्रॅमच बाहेर काढतं. रात्री अकराला संपवली, तर सकाळी सातच्या लेक्चरला काहींच्या अंगात ती शिल्लकच असते. रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबते, उतरायला लागली की झोपेचे तुकडे पडतात. तीन-साडेतीनला जाग येते. घसा कोरडा, बनियन घामानं ओलं, छातीत धडधड. मग तिथंच डोक्यात बाबांचं कर्ज, सोयाबीनचा भाव, बॅक राहिलेला पेपर. दिवसभर चिडचिड, अन् संध्याकाळी पुन्हा तोच उपाय. उदासी आधी की दारू आधी, याचा वाद घालत बसू नका. दोन्ही एकमेकींना वाढवतात.

आधी वहीचं मागचं पान घ्या. किती वाजता आडवे झालात, कधी जाग आली, घेतली का, किती, सकाळी कसं वाटलं, एवढं आठवडाभर लिहा. न घेतलेल्या रात्रीची ओळ घेतलेल्या रात्रीशेजारी ठेवून वाचा. माझ्या लेक्चरनं जे होत नाही, ते स्वतःच्या अक्षरानं होतं.

मग उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा तीच. झोपायची वेळ आपोआप मागून येते. संध्याकाळनंतर चहा नको. मोबाईल कॉटपासून लांब, खिडकीपाशी चार्जिंगला. मे महिन्यात खोली भट्टी होते, तेव्हा गादी अन् मच्छरदाणी गच्चीवर न्या, मी अडवत नाही. झोप येत नसेल तर लोळत पडू नका. उठून व्हरांड्यात बसा, डोळे जड झाले की परत या.

सोडल्यावर सुरुवातीच्या काही रात्री झोप आणखी बिघडते. पोट्टे नेमके इथंच परततात. धीर धरा, घडी बसते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानं, किंवा न घेतल्यास ज्याचे हात कापतात त्यानं, एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते. आधी डॉक्टर गाठा. दारूवर झोपेची गोळी तर कधीच नाही, श्वास मंदावतो. रूममेट जास्त प्यायला असेल तर त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. हलवूनही उठत नसेल तर १०८ लावा. मला सांगायला भिऊ नका, आधी गाडी, रागावणं नंतर.

जगणं नकोसं वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री माझं दार वाजवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, पण पहिलीच एसटी धरा. चिठ्ठी सकाळीच निघते.