तापाचा पहिला दिवस लिहून ठेवा

मी गोव्यात साखळीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. नंबर लावणं, वजन-बीपी घेणं, जुने केसपेपर शोधणं आणि "फक्त सही घ्यायचीय" म्हणून मध्ये घुसणाऱ्याला परत बाकड्यावर बसवणं, ही माझी कामं. औषध देणं डॉक्टरांचं. म्हणून इथे अमुक गोळी घ्या असं सांगणार नाही. आत जाण्याआधी काय तयारी करायची आणि घरी गेल्यावर काय बघायचं, तेवढंच सांगते. पावसाळ्यात बाकडं सकाळी आठलाच भरतं, एकेकाच्या वाट्याला डॉक्टरांची थोडीच मिनिटं येतात, आणि त्यातली निम्मी "ताप कधीपासून?" या एका प्रश्नावर जातात.

"झाले असतील चार-पाच दिवस," असं आजोबा म्हणतात. "छे हो, म्हापशाहून भिजून आलात त्या रात्रीच अंग कढत होतं," असं मागून आजी म्हणते. मग दोघं बोटांवर मोजत बसतात.

हा हिशेब डॉक्टर उगाच विचारत नाहीत. डेंग्यूची एनएसवन ही रक्ततपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची. त्यानंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम तपासणी करावी लागते, कारण शरीर प्रतिपिंडं तयार करायला तेवढे दिवस घेतं. दिवस चुकला की तपासणी चुकते, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि घरचे सगळे निर्धास्त होतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. डेंग्यूत धोक्याचे दिवस ताप चढलेला असतो तेव्हाचे नव्हेत, ताप उतरायला लागतो तेव्हाचे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. नेमक्या त्याच वेळी माणूस म्हणतो, आता बरं वाटतंय, उद्या कामावर जातो.

तेव्हा ताप आला त्या दिवशीच भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत "ताप १" लिहा. दुसऱ्या दिवशी "ताप २". खाली वेळ, थर्मामीटरचा आकडा आणि कोणती गोळी घेतली ते. मोर्ल्याची एक वहिनी नवऱ्याला घेऊन आली तेव्हा महिन्याचं पानच फाडून घेऊन आली होती. एका चौकटीत "गॅस लावला", शेजारच्या चौकटीत "१०२, रात्री ८, गोळी", त्याच्या पुढे "उलटी २, लघवी कमी". दुधाचे खाडे वेगळ्या शाईत. डॉक्टरांनी चष्मा वर करून ते पान वाचलं आणि एकही प्रश्न न विचारता तपासायला घेतलं. त्या दिवशी इतका नीट केसपेपर मीसुद्धा लिहिला नव्हता.

थर्मामीटर काखेत लावायचा असेल तर आधी घाम पुसा, हात अंगाशी घट्ट धरा आणि आवाज येईपर्यंत काढू नका. कपाळावर हात ठेवून सांगितलेला ताप मी केसपेपरवर लिहीत नाही.

आता गोळ्या. ताप आला की फार्मसीत जाऊन "अंगदुखीवर काहीतरी द्या" म्हणायची सवय आपल्याकडे जबरदस्त आहे. पावसाळ्यात ती महागात पडते. डेंग्यूची शंका असताना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात आणि दोन डोसांमध्ये सांगितलेलं अंतर ठेवून. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे तापाची एक आणि सर्दीची एक असं घेणारा नकळत दुप्पट घेतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून ती आपल्या मनाने बंद करू नये. ताप आला की लगेच येऊन विचारा.

येताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन या. "ती पांढरी, छोटी, सकाळची" एवढ्यावरून कुठलीही गोळी ओळखता येत नाही, बहुतेक गोळ्या पांढऱ्या आणि छोट्याच असतात. चार गोळ्या विकत घेताना पाकीट कापतात तेव्हा नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. त्यांना सांगा, नावाच्या बाजूने कापून द्या, किंवा तिथेच मोबाईलवर फोटो काढून घ्या. काढे, चूर्ण, गावठी औषध चालू असेल तर तेही सांगा. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवतात लोक. ओरडतात, खरं आहे, पण नंतर त्याचा विचार करूनच औषध लिहितात.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज कोणीतरी विचारतं. डॉक्टरांचं म्हणणं असं, की रस प्यायलात म्हणून रक्त तपासायचं टाळू नका आणि रसाने उलटी होत असेल तर तो आधी थांबवा. माझं म्हणणं त्याहून सोपं आहे: पेज प्या. उकड्या तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून, थोडी थोडी, दिवसभर. डेंग्यूत पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि रक्त घट्ट होतं. म्हणून डॉक्टर प्लेटलेट्सबरोबर हिमॅटोक्रिटचा आकडाही बघतात आणि लघवी किती वेळा झाली ते विचारतात. तुम्ही लोक मात्र प्लेटलेट्सचाच आकडा सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगत बसता.

ओआरएस करताना पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं. ते अर्धं-अर्धं करून पेल्यात ढवळू नका, पूर्ण लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम करा आणि चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून टाका.

पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणं, माणूस सुस्त होणं किंवा उगाच चिडचिड करणं, यातलं काहीही दिसलं तर आमच्याकडे नंबर लावायला येऊ नका. सरळ डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात किंवा म्हापशाला आझिलोत, म्हणजे जिल्हा इस्पितळात न्या. ताप नसला तरी.

शेतात उतरला होता का?

हे न विचारता सांगा. लावणीत गुडघाभर चिखलात उभे राहिलात, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत पाट साफ केलात, वाळवंटी नदीचं पाणी घरात शिरलं ते अनवाणी काढलंत, गोठा धुतलात, काहीही. लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू उंदीर आणि गुराढोरांच्या मुतातून पाण्यात-चिखलात येतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून आत जातात. त्रास बहुतेकदा आठवडा-दोन आठवड्यांनी सुरू होतो, कधी महिनाभरानेही. तोवर लावणी होऊन गेलेली असते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या अशा दुखतात की दाबू देत नाहीत. पुढे कावीळ, लघवी कमी, मूत्रपिंडावर परिणाम. वेळेत कळलं तर साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा आजार आहे हा, म्हणूनच उशिरा आलेल्यांचा मला जास्त राग येतो. काम टाळता येत नाही हे मलाही कळतं. पण गमबूट घाला, जखम झाकून उतरा, वर आल्यावर साबणाने पाय धुवा. प्रतिबंधाची गोळी असते, ती कोणी, किती दिवस घ्यायची ते डॉक्टर किंवा आरोग्य केंद्र ठरवतं. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून आणू नका.

सत्तरी तालुक्यातून येणाऱ्यांसाठी आणखी एक. माकडताप हा पावसाळ्यातला नव्हे, डिसेंबर ते मेचा. २०१५ पासून सत्तरीत त्याचे रुग्ण सापडले आहेत. काजूच्या मोसमात बागेत किंवा रानात जाऊन आल्यावर ताप आला तर "बागेत होतो" एवढं सांगा. हा ताप गोचीड चावल्याने होतो, पण ती चावलेली कळतही नाही, तिची पिल्लं तिळापेक्षा लहान. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करून कान, काखा, जांघा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

घराभोवतीच्या डासांचं बहुतेकांना पाठ आहे, पण करत कोणी नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, अंडी घालतो ती साचलेल्या स्वच्छ पाण्यात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळं उपडं करायचं. टायर आणि कुंड्यांखालच्या बशा सगळे बघतात. जळणावर घातलेल्या निळ्या प्लास्टिकची घडी, परसातल्या करवंट्या, पोफळीखाली पडलेल्या झावळीचा खोलगट बुडखा आणि फ्रिजच्या मागचा ट्रे हे कोणी बघत नाही.

साखर आणि बीपीवाले

उपाशीपोटीची साखर म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही. बिनसाखरेचा चहा घेतला तरी ते उपाशीपोट नव्हे. सकाळी पोदेराचा भोंपू वाजला आणि हातात गरम पाव आला की नियम विसरला जातो, हे मला माहीत आहे, कारण शर्टावर पावाचा भुगा घेऊन "काही खाल्लं नाही" म्हणणारे माझ्यासमोर उभे असतात. जेवणानंतरची साखर पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, जेवून उठल्यापासून नव्हे. घड्याळ बघून घास घ्या.

बीपी मोजायला आलात की आधी पाच मिनिटं गप्प बसा. कदंबा बस धावत पकडून, जिना चढून आल्या आल्या हात पुढे केलात तर आकडा वर जाणारच. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर. आणि मोजत असताना सुनेबद्दल बोलू नका, गंमत नव्हे, बोलण्याने आकडा वाढतो. घरी यंत्र असेल तर आठवड्याचे आकडे तारखेसह लिहून आणा. घरच्या शांतपणात घेतलेले ते आकडे डॉक्टरांना माझ्या एका आकड्यापेक्षा जास्त सांगतात. पावसात मासे मिळत नाहीत म्हणून सुकं आणि खारं सुरू होतं, त्यात मीठ किती असतं ते तुम्हाला सांगायला नको. रोज नको, एवढंच.

हरताळकेच्या उपासाला बीपीची गोळी बंद करणाऱ्या काकी दरवर्षी असतात. गोळी पाण्याबरोबर घेतल्याने उपास मोडत नाही. साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं मात्र वेगळं आहे. न खाता नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. उपास करायचाच असेल तर आठवडाभर आधी येऊन डोस ठरवून घ्या.

रात्रीबेरात्री

छातीत दाब, श्वास लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, साप चावणं: यासाठी १०८. डॉक्टरांच्या घरचा फोन वाजवत बसू नका. पक्षाघाताच्या झटक्याला गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेव्हा त्रास किती वाजता सुरू झाला तेही लक्षात ठेवा. छातीत दुखणाऱ्याला जवळच्या सरकारी केंद्रात न्या. तिथे काढलेला ईसीजी गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवून उपचार तिथेच सुरू करायची सोय आहे. साप चावलेल्याच्या अंगठ्या-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका. दोरी, ब्लेड, मांत्रिक काही नको, आणि साप शोधायलाही जाऊ नका.

१०८ ला फोन लावल्यावर गावाचं नाव पुरत नाही. वाडा सांगा, जवळचं देऊळ, शाळा किंवा खुरीस (क्रूस) सांगा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा. आमच्या भागात घरं आत झाडीत असतात, गाडी दोनदा पुढे जाऊन मागे येते.

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आमच्याकडे चालत नाही, दरवेळी विचारतात म्हणून सांगते. ते योजनेत असलेल्या हॉस्पिटलातल्या ठरलेल्या उपचारांसाठी. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाखांपर्यंत. कार्ड कपाटात ठेवून मुदत संपू देऊ नका, आजच काढून तारीख बघा.

रिपोर्टचा फोटो पाठवायचा तर पूर्ण पानाचा, नाव आणि तारीख दिसेल असा, सावली न पाडता. नुसता आकड्यांचा तुकडा पाठवलात तर तो कोणाचा ते मला कळणार कसं?

गणेश चवथीचे पहिले दोन दिवस दवाखाना बंद असतो. रोजच्या गोळ्या संपत आल्या असतील तर माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं सामान आणायला बाजारात याल तेव्हाच चिठ्ठी घेऊन जा. नुसती चिठ्ठी हवी असणाऱ्यांना मी दुपारी बारानंतर बोलावते, सकाळी तापवाल्यांच्या मध्ये बसू नका.