फोन कंपनीचा शेअर घेण्याआधी एक संध्याकाळ हिशेबाला द्या

पुण्याहून भाच्याचा मेसेज आला : "मावशी, इंटरनेटवरून फोनसेवा देणारी एक कंपनी आयपीओ आणतेय, पहिल्यांदाच लोकांना शेअर विकतेय. भरू का?"

मला 2006 चा मे आठवला. न्यू जर्सीत आमच्या फ्रीजवर व्होनेज या इंटरनेट-फोन कंपनीचा डबा लुकलुकत असायचा आणि कंपनी ग्राहकांनाच 17 डॉलरने शेअर देऊ करत होती. आवाज स्वच्छ, बिल कमी. भरायचंच असं मनात आलं होतं. आधी प्रॉस्पेक्टस, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, मात्र उघडलं. तेव्हा केलेला हिशेब तूही कर, रे.

सगळ्यात आधी एक ग्राहक केवढ्याला पडतो ते काढ. 2005 मध्ये व्होनेजचे ग्राहक सुमारे 3 लाख 90 हजारांवरून 12 लाख 70 हजारांवर गेले, आणि मार्केटिंगवर गेले जवळजवळ 24 कोटी 30 लाख डॉलर. भागाकार केला तर वाढलेल्या प्रत्येक ग्राहकामागे पावणेतीनशे डॉलर. अमर्याद बोलण्याचा प्लॅन महिन्याला 24.99 डॉलरचा. म्हणजे अकरा महिन्यांचं बिल नुसत्या जाहिरातीत गेलं, सेवेचा खर्च अजून वेगळाच! त्या वर्षीचा तोटा 26 कोटींच्या घरात होता, यात नवल नाही.

मग सोडून जाणारे ग्राहक मोज. महिन्याला 2 टक्के हा आकडा किरकोळ दिसतो, पण बारा महिने लावलास की शंभरातले एकवीस गेलेले असतात. मला सगळ्यात जास्त धास्ती याच आकड्याची वाटली.

तार कोणाची, हेही विचार. आमच्याकडे इंटरनेट केबलवाल्याचं होतं, आणि तोच स्वतःचा फोनही विकू लागला होता. शिवाय लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोन मुका. शक्य असेल तर महिनाभर त्या कंपनीची सेवा स्वतः वापरून बघ. राउटरचा प्लग काढून बघ, मदत केंद्राला एकदा तरी फोन लाव.

तंत्रज्ञान कोणाचं, हा प्रश्न मात्र बरेच जण विसरतात. व्होनेजचा शेअर बाजारात आला त्याच्या पुढच्याच महिन्यात व्हेरायझन या बड्या फोन कंपनीने, आमचं तंत्रज्ञान वापरलं म्हणून, तिच्यावर पेटंटचा दावा ठोकला. मार्च 2007 मध्ये ज्युरीने 5 कोटी 80 लाख डॉलरची भरपाई ठरवली.

भाव पहिल्याच दिवशी 15 च्या खाली गेला होता, पुढे एका डॉलरच्याही खाली. कंपनी बुडाली नाही, हेही सांगायला हवं. धंदा बदलत ती टिकली आणि 2022 मध्ये एरिक्सन कंपनीने शेअरमागे 21 डॉलर देऊन विकत घेतली. 17 चे 21 व्हायला सोळा वर्षं लागली.

तुझ्या कंपनीच्या प्रॉस्पेक्टसचा मसुदा सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर मिळेल. सुरुवातीचं 'जोखीम घटक' हे प्रकरण सावकाश वाच, आणि गोळा केलेला पैसा कुठे जाणार ते पान उघड. जाहिरात आणि जुनी कर्जं यांतच बराचसा जाणार असेल, तर अर्ज भरण्याआधी मला फोन कर. रविवारी सकाळी, तुझ्या वेळेने आठला मी जागी असते.