कयाक उतरवण्याआधी काठी रोवा

पावसाळ्यात तापी-गिरणेवर कयाक (वल्ह्याची छोटी, निमुळती होडी) घेऊन निघालं की पंचाईत एकच: पाणी चढतंय की ओसरतंय, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. ग्रेड २ चा खळाळ बघता बघता ३ चा होऊ शकतो (ग्रेड म्हणजे खळाळ किती अवघड त्याचा आकडा). तापीवरच्या एकट्या हतनूर धरणालाच ४१ दरवाजे आहेत. विसर्गाचा इशारा गावात पोहोचतो, नदीत वल्हं मारणाऱ्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.

उपाय फुकटचा आहे. जिथे लाटा आदळत नाहीत अशा काठाशी, पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवा. निंबाची, बाभळीची, काहीही चालेल. मग काठाने चालत जाऊन पुढचा खळाळ नीट बघून या, हेल्मेट-लाइफ जॅकेट आवळा. वीसेक मिनिटांनी काठीकडे बघा. पाणी तिथेच किंवा मागे सरकलेलं असेल तर उतरा. काठी पाण्यात उभी असेल तर थांबा.

मधे जेवायला थांबलात तरी हेच. आधी काठी, मग डबा. खडकाळ काठावर काठी रोवली जात नाही, तिथे पाण्याला टेकलेल्या दगडावर ओरखडा ओढा.

मात्र पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर काठी बघत बसू नका. कयाक ओढा आणि उंचावर जा.