एका रंगाभोवती रस्त्यावरचे फोटो: एडिटिंग करताना या चुका टाळा

उत्तरायण जवळ आलं की बडोद्यात गेंडीगेटच्या बाजूला रस्त्याकडेला खांबाखांबांत दोरे ताणले जातात. मांजा सुतणाऱ्यांचे हात गुलाबी, बादली गुलाबी, खालची जमीनही गुलाबी. एकाच रंगाचा फोटो काढायला याहून सोपी जागा नसेल, असं वाटतं. मी पहिल्यांदा तिथून आले आणि उत्साहाने सॅच्युरेशनचा, म्हणजे रंगाच्या भडकपणाचा, स्लायडर ओढला. फिरकीवरचा एकही धागा दिसेना. सपाट गुलाबी डाग तेवढा उरला, आणि मांजा सुतणाऱ्या काकांचा चेहरा उन्हाने भाजल्यासारखा तांबडा झाला.

ही चूक जवळपास प्रत्येकाच्या हातून होते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते. जेपेग फोटोत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ च्या दरम्यान. उन्हातल्या राणी रंगात लाल आकडा आधीच वरच्या टोकाजवळ पोचलेला असतो. सॅच्युरेशन वाढवलं की तो २५५ ला टेकतो. शेजारचा किंचित गडद धागाही तिथेच येऊन टेकतो, आणि दोघांतला फरक पुसला जातो. पोत गेला तो इथे. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरव्यासाठी असतात, लाल आणि निळ्याला पाव-पावच वाटा येतो. त्यामुळे भडक लाल-गुलाबी कापडाचे बारकावे मुळातच थोडे कमी टिपले जातात.

उपाय असा. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद ते उजळ पिक्सेल किती आहेत ते दाखवणारा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. लाल डोंगर उजव्या भिंतीला चिकटला असेल तर त्या रंगाचं सॅच्युरेशन कमी करा आणि ल्युमिनन्स, म्हणजे त्या रंगाचा उजळपणा, दहा-पंधराने खाली आणा. रंग किंचित काळोखात गेला की तो जास्त खोल दिसतो. मग शेजारच्या रंगांकडे वळा: मागची निळी ताडपत्री, पिवळी पाटी, हिरवा ड्रम. हे तिघे शांत केले की गुलाबीला हातही न लावता तो पुढे येतो. आता मी विषयाच्या रंगाला सगळ्यात शेवटी हात लावते. पुढच्या वेळी फोटो काढतानाच एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप (उजेड मोजायचं माप) कमी ठेवा, म्हणजे निम्मी दुरुस्ती तिथेच होते.

साडी तुकड्यातुकड्यांत बदलली?

आपल्याकडे राणी, डाळिंबी, अबोली, आमसुली हे वेगवेगळे रंग आहेत. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरच्या रंगपट्टीत मात्र आठच कप्पे असतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा, मॅजेंटा. राणी रंगाची साडी मॅजेंटा आणि लाल अशा दोन कप्प्यांत विभागली जाते. उन्हातली घडी एकीकडे, सावलीतली दुसरीकडे. तुम्ही एकट्या मॅजेंटाचा ह्यू, म्हणजे छटा, सरकवलात की पदर एका रंगाचा आणि निऱ्या दुसऱ्या रंगाच्या होतात. दोन्ही कप्पे एकत्र सरकवा, नाहीतर कलर रेंज मास्क (निवडलेल्या रंगाच्या भागापुरताच बदल करू देणारी सोय) वापरून साडीवर दोन-तीन ठिकाणी नमुना घ्या आणि मग बदल करा.

चेहऱ्याची गोष्टही याच कप्प्यांशी जोडलेली आहे. गोरी असो वा सावळी, त्वचा मुख्यतः नारिंगी कप्प्यात येते. झेंडूच्या फुलांचा फोटो करताना, खंडेराव मार्केटसमोर असे फोटो हमखास मिळतात, तुम्ही नारिंगी ओढलात की फूलवाल्या मावशींचे गालही झेंडू होतात. उलट, गुलाबी उठून दिसावा म्हणून नारिंगी काढून घेतलात तर माणसं आजारी दिसतात. चेहरा आणि हात मास्कमधून वगळा, मगच रंगाला हात लावा. सर्वसाधारण उठाव हवा असेल तर सॅच्युरेशनपेक्षा व्हायब्रन्स बरा. तो फिक्या रंगांवर जास्त काम करतो आणि त्वचेला सांभाळून घेतो.

सगळं काळं-पांढरं आणि एकच रंग

हा प्रकार मला आवडत नाही, हे आधीच सांगते. पण करायचाच असेल तर तो कातरकामासारखा का दिसतो ते समजून घ्या. रंग सांडतो. लाल साडीशेजारची पांढरी भिंत तांबूस होते, हनुवटीखाली लाल झाक पडते, ओल्या रस्त्यावर लाल उतरतं. साडी लाल ठेवून बाकी सगळं राखाडी केलंत तर ही झाकही जाते, आणि ती बाई त्या गल्लीत उभी असल्याचं पटत नाही. म्हणून बाकीचे रंग शून्यावर नेऊ नका, वीस-तीस टक्के राहू द्या. भिंतीवरची झाक हलक्या ब्रशने परत आणा. मास्कची कडा मऊ ठेवा.

कडेला चौकोनी दातरे दिसत असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही. बहुतेक जेपेगमध्ये उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, रंगाची मात्र दोन किंवा चार पिक्सेलमागे एकच. रंगावर आधारलेला मास्क त्यामुळे फाटतो. रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ही अडचण येत नाही. शिवाय १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाला १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६. संध्याकाळचं आकाश ओढताना पट्टे पडतात ते याच कमतरतेमुळे. फोनवरही रॉची सोय असेल तर ती चालू करा.

मंगळबाजारातल्या ताडपत्र्या

दुपारी मंगळबाजारात निळ्या ताडपत्रीखाली उभं राहून कापडाचे फोटो काढलेत की सगळ्यांच्या अंगावर निळसर छटा येते. अशा वेळी लोक थेट रंगपट्टीकडे धावतात आणि तासभर झगडतात. आधी व्हाइट बॅलन्स नीट करा, म्हणजे उजेडाची झाक काढून पांढरं पांढरं दिसू द्या. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: ऊन साधारण ५५०० केल्विनचं असतं, मोकळ्या सावलीला ७००० च्या पुढे जावं लागतं, आणि ताडपत्रीखालचा उजेड तर वेगळाच. एकाच फोटोत ऊन आणि ताडपत्री दोन्ही असतील तर सावलीच्या भागाचा स्वतंत्र मास्क करून तेवढाच भाग उबदार करा. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली मात्र निळी थीम शोधू नका. त्या उजेडात निळं जवळजवळ नसतंच, आणि जे कॅमेऱ्यात आलं नाही ते एडिटिंगने येत नाही.

रंग किती बदलावा?

माझं मत ठाम आहे: रस्त्यावरच्या माणसाच्या कपड्याचा रंग बदलू नये, त्वचा उजळ करू नये. छटा जुळवणं वेगळं आणि हिरवा सदरा निळा करणं वेगळं. मांजावाल्या काकांना मी प्रिंट नेऊन दिली तेव्हा त्यांनी ती फिरकीशेजारी धरली आणि म्हणाले, हा आमचा गुलाबी नाही. मी तो जांभळ्याकडे झुकवला होता, जाहिरातीत शोभेल असा. ज्या माणसाने तो रंग बादलीत कालवला त्याला तो ओळखता यायला हवा, असं मला तेव्हापासून वाटतं. घरी येऊन मी ह्यू पुन्हा शून्यावर आणला.

स्क्रीनच्या चुका थोडक्यात. रात्री नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारी सोय) चालू ठेवून एडिटिंग केलंत तर सकाळी फोटो निळसर दिसेल. स्क्रीन पूर्ण झगझगीत ठेवलात तर प्रिंट काळपट येईल. दहा-पंधरा मिनिटांत डोळा भडकपणाला सरावतो, म्हणून अधूनमधून उठा आणि शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. इंटरनेटवर टाकायचा फोटो एसआरजीबी या सगळीकडे चालणाऱ्या रंगपद्धतीतच एक्स्पोर्ट करा. अडोबी आरजीबी या जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीत गेलेली फाइल अनेक ठिकाणी फिकी, मलूल दिसते, आणि लोक ती पुन्हा भडक करत बसतात.

प्रिंट काढायची असेल तर भडक राणी रंग शाईत जसाच्या तसा उतरत नाही हे धरून चाला. सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच दाखवणाऱ्या सोयीत, बघा, पहिली प्रिंट चार बाय सहाची काढा आणि ती ट्यूबलाइटखाली न बघता दिवसा खिडकीपाशी धरा.