ठळक नावाखालची बारीक अक्षरे
तापाची एक आणि सर्दीची दुसरी गोळी एकाच वेळी घेण्यापूर्वी पाकिटावरच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचावेत, कारण सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल हे तापाचे औषध आधीच असते. निरोगी प्रौढाने २४ तासांत सर्व औषधे मिळून पॅरासिटामॉलची ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांतच ३.९ ग्रॅम भरतात. यकृताचा विकार, कमी वजन किंवा नियमित मद्यपान असल्यास मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. जादा मात्रेने यकृताला इजा होते आणि पहिल्या दिवशी त्रास जाणवेलच असे नाही (खरी फसगत इथेच होते). म्हणून चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्यास, बरे वाटत असले तरी, पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे.